स्टीफन श्नायडर: शंकेला टक्के लावणारा हवामानशास्त्रज्ञ

घाटवळण

मे संपत आला की या मंचावर 'हवामान खात्याचं काही खरं नसतं' छापाचा एक धागा येतोच. विसेक प्रतिसाद झाले की कुणीतरी 'हेच लोक सत्तरच्या दशकात हिमयुग येणार म्हणून घाबरवत होते' असं टाकतं, आणि तिथून पुढे पाऊस बाजूला राहतो. हे वाक्य ज्यांच्या नावावर खपवलं जातं त्यांतला एक म्हणजे स्टीफन श्नायडर. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

जन्म १९४५, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी आणि प्लाझ्मा भौतिकी या विषयांत १९७१ ची पीएचडी. म्हणजे शिक्षणाने हा हवामानवाला नव्हेच. १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन झाला, त्या वाऱ्यात पोरगा ओढला गेला. नासाची गोडार्ड संस्था कोलंबियाच्या शेजारीच. तिथे एस. आय. रसूल यांच्याबरोबर त्याने काम सुरू केलं आणि दोघांचा निबंध जुलै १९७१ च्या 'सायन्स'मध्ये आला. वय वर्षं २६.

प्रश्न असा होता. माणूस हवेत दोन प्रकारचा ऐवज सोडतो. कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो. धूर आणि बारीक कण सूर्यप्रकाश परतवतात आणि तिला थंड करतात. दोन्ही वाढत गेले तर वरचढ कोण? यांच्या हिशेबात धूर वरचढ ठरला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर वाढ एका अंशाच्याही आत. उलट हवेतले कण जगभर चौपट झाले तर घट साडेतीन अंशांपर्यंत, आणि ती काही वर्षं टिकली तर हिमयुगालाही निमित्त पुरेल.

हिशेब चुकला होता. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम त्यांच्या मॉडेलमध्ये फार कमी धरला गेला होता. आणि धूर सगळ्या पृथ्वीवर सारखा पसरलेला धरला होता. प्रत्यक्षात तो कारखान्यांच्या, शहरांच्या पट्ट्यांतच दाट असतो आणि पावसाबरोबर काही दिवसांत खाली येतो. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं साचत राहतो. ही दुरुस्ती इतरांच्या बरोबरीने श्नायडरने स्वतः केली. १९७५ च्या निबंधात त्याने तोवरचे सगळे अंदाज एकत्र मांडून तपासले आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास वाढ दीड ते तीन अंश, असा निष्कर्ष छापला. म्हणजे ज्या मुद्द्यावरून त्याला आजही झोडतात, तो मुद्दा त्याने चार वर्षांत स्वतः निकालात काढला होता.

१९७२ मध्ये तो कोलोराडोत बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात गेला आणि १९९६ पर्यंत तिथे होता. याच काळात त्याचा खरा पिंड दिसतो. शेतीतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, इतिहासकार या सगळ्यांना हवामानाबद्दल काही म्हणायचं असायचं, पण छापायचं कुठे? भौतिकीची नियतकालिकं 'हे आमचं नाही' म्हणायची, अर्थशास्त्राचीही तेच म्हणायची. १९७५ मध्ये त्याने 'क्लायमॅटिक चेंज' या नियतकालिकाची उभारणी सुरू केली, १९७७ पासून ते निघू लागलं, आणि मरेपर्यंत संपादकपद त्याच्याकडेच होतं. तिशीच्या पोराने असा उद्योग करणं म्हणजे करिअरला धोंडा, असं तेव्हा वडीलधाऱ्यांना वाटत असणार. विज्ञानात एकाच विहिरीत खोल जाणाऱ्याला मान असतो. दहा विहिरींत डोकावणारा उथळच, असा समज.

१९७६ मध्ये त्याचं 'द जेनेसिस स्ट्रॅटेजी' हे पुस्तक आलं. बायबलमधल्या जोसेफच्या गोष्टीवरून नाव घेतलेलं: सात वर्षं सुबत्तेची, सात वर्षं दुष्काळाची, तेव्हा सुबत्तेत धान्य साठवा. पार्श्वभूमी १९७२ ची. त्या वर्षी सोव्हिएत रशियाचं पीक बुडालं, त्यांनी अमेरिकेचा गहू प्रचंड प्रमाणात उचलला आणि जगभर धान्याचे भाव भडकले. आणि १९७२ चा दुष्काळ म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. आमच्या घरात 'बहात्तर' हा आकडा उच्चारला की आजी ताटातलं टाकू द्यायची नाही. श्नायडर तेव्हा म्हणत होता की पुढचं हवामान नक्की कसं असेल हे ठाऊक नसणं, हेच साठा करायचं कारण आहे. अंदाज पक्का होईपर्यंत थांबा असं म्हणणारा आणि हा, दोघांच्या हातात तोच तुटपुंजा पुरावा होता. निष्कर्ष मात्र उलटे.

१९८३ साली अणुयुद्धानंतर धुराने सूर्य झाकला जाऊन 'अणुहिवाळा' येईल असं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. श्नायडर सेगनच्याच बाजूचा, शस्त्रस्पर्धेच्या विरोधातला. तरीही त्याने आणि स्टार्ली थॉम्पसनने बोल्डरच्या त्रिमितीय मॉडेलवर, समुद्राची ऊब धरून, तेच गणित केलं आणि १९८६ मध्ये जाहीर लिहिलं की परिणाम सांगितले त्यापेक्षा सौम्य असतील, हिवाळ्याऐवजी शरद म्हणा. आपल्याच गोटातल्या लोकांना नाराज करणारं हे लिखाण होतं. त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत आवडती गोष्ट हीच.

१९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, त्याच वर्षापासून बोल्डरच्या जोडीला स्टॅनफर्ड, तेही जीवशास्त्र विभागात! पत्नी टेरी रूट पक्ष्यांची अभ्यासक. दोघांनी मिळून काम केलेला २००३ चा 'नेचर'मधला निबंध पक्षी, फुलं, किडे यांच्या वेळापत्रकात आणि राहण्याच्या पट्ट्यात तापमानवाढीचा ठसा दिसतो हे दाखवतो. प्लाझ्मापासून पक्ष्यांपर्यंत.

आयपीसीसीत (हवामानबदलावर अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) त्याने केलेलं काम मात्र लोकांना फारसं माहीत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं. २००१ च्या तिसऱ्या अहवालाआधी त्याने आणि रिचर्ड मॉसने लेखकांसाठी नियमावली लिहिली. 'बहुधा', 'शक्य आहे', 'दाट शक्यता' असं मोघम लिहायचं नाही. खात्री किती ते सांगायचं: ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अत्युच्च, ६७ ते ९५ उच्च, ३३ ते ६७ मध्यम, ५ ते ३३ कमी, पाचाच्या खाली अत्यल्प. आणि ती खात्री कशावरून, तेही लिहायचं. हे दोघं प्रत्येक प्रकरणाच्या लेखकांच्या मागे लागायचे, म्हणून त्यांना 'अनिश्चिततेचे पोलीस' असं नाव पडलं होतं. ज्या माणसावर आयुष्यभर 'हा शंका लपवतो' असा आरोप झाला, त्यानेच शंका आकड्यात लिहायची सक्ती आणली.

२०१० च्या १९ जुलैला स्वीडनमधली परिषद आटोपून येताना, विमान लंडनला उतरत असताना तो गेला. वय ६५.

तिरफळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). यातलं सेगनचं प्रकरण तेवढं माहीत होतं. टीव्हीवर येणारा शास्त्रज्ञ म्हणून ऐकलं होतं याच्याबद्दल, त्यावर काहीच लिहिलं नाहीत?

सडाफटिंग

लेख चांगला, पण तुम्ही त्याचं वकीलपत्र घेतलंय. सव्विसाव्या वर्षी 'सायन्स'मध्ये हिमयुग, तिसाव्या वर्षी तापमानवाढ. उद्या तिसरंच. आम्ही सामान्य माणसांनी कोणत्या वर्षीच्या श्नायडरवर विश्वास ठेवायचा?

प्लाझ्मावाला

@सडाफटिंग, १९७५ नंतरच्या. गंमत नाही करत. पहिल्या हिशेबात काय सुटलं हे सांगता येतं, म्हणून दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा.

आणि 'सत्तरच्या दशकात सगळे शास्त्रज्ञ हिमयुग म्हणत होते' हे तर तपासलेलं आहे. पीटरसन, कॉनोली आणि फ्लेक या तिघांनी २००८ मध्ये १९६५ ते १९७९ मधले निबंध मोजले. थंडावा येईल म्हणणारे ७, तापमान वाढेल म्हणणारे ४४, कोणत्याच बाजूला नसलेले २०. मासिकांनी सातांच्या बातम्या केल्या.

आता धुराबद्दल. रसूल-श्नायडर यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर चुकलं. धूर थंड करतो हे खरंच आहे आणि आपल्याकडे तर ते डोळ्यांना दिसतं. १९९९ च्या हिंदी महासागरावरच्या इंडोएक्स मोहिमेत वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्या चमूला आपल्या उपखंडावरून समुद्रावर पसरलेलं तपकिरी धुराचं पांघरूण सापडलं. त्याने जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश कमी होतो. पुण्याच्या पाषाणच्या आयआयटीएमने (उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) २०२० मध्ये भारतापुरता जो हवामानबदल अहवाल काढला त्यात हाच हिशेब आहे: १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि धूर नसता तर आणखी वाढलं असतं. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के घटला त्यातही धुराचा हात धरला जातो. १९७१ चा प्रश्न अजून जिवंत आहे आणि तो आपल्या डोक्यावर लटकतोय.

आणखी एक. त्या पुणे अहवालातली वाक्यं बघा. अनेक निष्कर्षांपुढे 'उच्च खात्री', 'मध्यम खात्री' असं लिहिलेलं आहे. ती पद्धत आयपीसीसीची, म्हणजे घाटवळण म्हणतात त्याच पोलिसांची. नंतर नियम बदलले, टक्क्यांऐवजी पुरावा किती आणि एकमत किती असा विचार आला, पण मूळ तेच.

घाटवळण

@तिरफळ, टीव्हीचं मुद्दाम टाळलं, लेख लांबत होता. १९७७ मध्ये तो जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात गेला होता. अमेरिकेतला तो सर्वांत लोकप्रिय गप्पांचा कार्यक्रम. तिथे नट, गायक, विनोदवीर यायचे आणि मधेच हा कुरळ्या केसांचा, भरभर बोलणारा माणूस हवामान समजावून सांगायचा. सहकाऱ्यांत नाकं मुरडली गेली. लोकांना कळेल असं बोलणं म्हणजे गंभीर नसणं, ही समजूत तिथेही होती आणि इथेही आहे. आपल्याकडे मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या प्राध्यापकांना त्यांच्या विभागात काय ऐकून घ्यावं लागतं ते विचारून बघा.

निक्सनपासून ओबामांपर्यंतच्या सरकारांना त्याने सल्ला दिला, असंही त्याच्याबद्दल सांगतात.

सडाफटिंग

बरं, ७१ सोडा. १९८९ चं काय? 'डिस्कव्हर' मासिकाला दिलेली मुलाखत. 'आपल्याला भीतीदायक चित्रं उभी करावी लागतात, सोपी आणि नाट्यमय विधानं करावी लागतात, मनातल्या शंकांचा फारसा उल्लेख करायचा नाही.' हे त्याचेच शब्द आहेत ना? आणि वर तुम्ही म्हणता शंका आकड्यात लिहायची सक्ती त्याने आणली.

ओवी

@सडाफटिंग, शब्द त्याचेच आहेत, पण कात्रीचे टोक कुठे लागले ते बघा. मी काही वर्षं वृत्तपत्रात काढली आहेत, त्यामुळे या कात्रीशी परिचय आहे.

सगळा परिच्छेद असा आहे: एकीकडे शास्त्रज्ञ म्हणून आम्ही पूर्ण सत्य सांगायला बांधलेले, म्हणजे प्रत्येक शंका, प्रत्येक पण-परंतु सांगायला बांधलेले. दुसरीकडे आम्ही माणसंही आहोत आणि धोका टळावा असं आम्हाला वाटतं. त्यासाठी लोकांचं लक्ष वेधायला हवं, माध्यमांत यायला हवं. आणि मग तुम्ही दिलेली वाक्यं. पुढे तो म्हणतो की हा नैतिक पेच कुठल्याही सूत्राने सुटत नाही, परिणामकारक होणं आणि प्रामाणिक राहणं यांतला तोल ज्याचा त्याने ठरवायचा, आणि शेवटचं वाक्य: माझी आशा आहे की दोन्ही होता यावं. हे शेवटचं वाक्य बहुतेक उतारे गाळतात.

पण माझं घाटवळण यांच्याशीही पूर्ण जुळत नाही. ती वाक्यं त्याने बोलायला नको होती. टीव्हीवर इतकी वर्षं वावरलेल्या माणसाला कळायला हवं होतं की मधलं वाक्य सुटं करून वापरलं जाईल. पेच सांगायचाच होता तर 'माध्यमांना हे हवं असतं' असा कर्ता लावून सांगता आला असता. 'आम्हाला हे करावं लागतं' असं म्हटल्यावर विरोधकांच्या हातात कोलीत दिलं. पुढची एकवीस वर्षं तो त्या उताऱ्याचा खुलासा करत बसला.

माध्यमांबद्दलचा त्याचा राग मात्र रास्त. बातमीला दोन बाजू हव्यात हा आमचा नियम राजकारणात चालतो, निवडणुकीत दोन पक्ष असतात. हवामानात शक्यतांचा एक मोठा पट्टा असतो. वार्ताहर त्या पट्ट्याची दोन टोकं उचलतो: एक म्हणतो जगबुडी, दुसरा म्हणतो बरंच आहे, पिकं वाढतील. श्नायडर सांगायचा की 'जगाचा अंत' आणि 'तुमच्या भल्याचंच' हे दोन निकाल सर्वांत कमी संभवाचे आहेत. आणि चर्चेत नेमके तेच दोघे खुर्चीवर बसलेले असतात.

बांधावरून

चर्चा वाचतोय. मी शेतकरी माणूस, सोयाबीन आणि तूर करतो, आमच्याकडे कोरडवाहूच. एक विचारू का, हे टक्के-बिक्के नेमके कुणासाठी? आयपीसीसीच्या लेखकांनी ९५ लिहिलं काय आणि ६७ लिहिलं काय, मला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरायचं का थांबायचं एवढंच ठरवायचं असतं. खातं सांगतं सरासरीच्या १०६ टक्के. वर्षअखेर पाऊस बरोबर तेवढा भरतोही. पण मधे तीन आठवडे दडी मारतो आणि फुलोऱ्यात पीक जातं. सरासरी भरली, घर नाही भरलं.

प्लाझ्मावाला

@बांधावरून, २०२४ चंच उदाहरण घेताय असं दिसतंय. एप्रिलमध्ये खात्याने १०६ टक्के, अधिक-उणे ५ असं सांगितलं होतं, प्रत्यक्ष १०८ भरला. देशाच्या पातळीवर अंदाज उत्तम उतरला. आणि तुमचा मुद्दाही खरा. जून ते सप्टेंबरचा देशभराचा एक आकडा पेरणीसाठी नसतोच. तो धान्याचा साठा, धरणांचं नियोजन, वीज, विमा यांच्यासाठी.

बातम्यांत तो एकच आकडा येतो. खात्याच्या पत्रकात त्याखाली एक तक्ता असतो, तो कुणी छापत नाही. ९० टक्क्यांच्या खाली, ९० ते ९५, ९६ ते १०४, १०५ ते ११०, त्याच्या वर, असे पाच गट, आणि प्रत्येक गटात पाऊस पडायची शक्यता किती ते. शेजारी एरवीची शक्यता दिलेली असते, मधल्या गटाची ३३ टक्के. म्हणजे यंदा फासे किती भारलेत ते दिसतं. श्नायडर आयपीसीसीत जे मागत होता तेच हे.

डेन्व्हरकर

मी बोल्डरपासून तासाभरावर राहतो. ते संशोधन केंद्र डोंगराच्या पायथ्याशी आहे, आय. एम. पेई यांनी बांधलेली लालसर इमारत, मागे तिरप्या कातळांची रांग. आत सगळ्यांसाठी छोटं प्रदर्शन आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी तिथे नेतोच, फुकट असतं.

लेखात एक भर. आयपीसीसीच्या २००७ च्या चौथ्या अहवालात श्नायडर दुसऱ्या गटाच्या (हवामानबदलाचे परिणाम तपासणाऱ्या) १९व्या प्रकरणाचा एक प्रमुख लेखक होता. विषय: धोकादायक म्हणजे नेमकं किती? तिथे एक आकृती होती, पांढऱ्यापासून लालपर्यंत जाणारे उभे पट्टे, तापमान जितकं वर तितका रंग गडद. लोक तिला 'धगधगते निखारे' म्हणायचे. २००१ च्या अहवालात ती होती. २००७ मध्ये काही सरकारांच्या आक्षेपामुळे गळली. त्यांचं म्हणणं, लाल रंग कुठे सुरू करायचा हा लेखकांचा मनाचा खेळ आहे. लेखकांनी २००९ मध्ये ती अद्ययावत करून स्वतंत्र निबंधात छापली, आणि तेच धोके आता पूर्वी वाटलं होतं त्यापेक्षा कमी तापमानवाढीला सुरू होताना दिसतात असं दाखवलं.

धोका किती हे विज्ञान सांगेल, तो पत्करायचा की नाही हे समाजाने ठरवायचं, अशी त्याची विभागणी होती. शास्त्रज्ञाने दुसऱ्या प्रश्नावर बोलायला हरकत नाही, पण तेव्हा 'हे माझं मत' असं सांगून बोलावं.

सडाफटिंग

२००७ चा अहवाल म्हटलात म्हणून. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे त्याच अहवालात होतं ना? त्याच दुसऱ्या गटाच्या? तेव्हा अनिश्चिततेचे पोलीस जेवायला गेले होते का?

घाटवळण

@सडाफटिंग, हा तुमचा या धाग्यातला सर्वांत जोरदार प्रतिसाद. होय, दुसऱ्या गटाच्याच अहवालात, आशियावरच्या १०व्या प्रकरणात होतं. श्नायडरचं प्रकरण ते नव्हे, पण त्याने आणलेल्या नियमावलीची ती हार होती यात वाद नाही. त्या वाक्यात हिमनद्या नाहीशा व्हायची शक्यता फार दाट असल्याचं लिहिलं होतं, आणि खाली आधार मात्र शास्त्रीय निबंधाचा नव्हताच. म्हणजे खात्री भरली, ती कशावरून हे कुणी तपासलं नाही.

आणि आपल्याकडे त्यावरून जे झालं ते जास्त लाजिरवाणं. नोव्हेंबर २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने व्ही. के. रैना या ज्येष्ठ हिमनदीतज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही असं म्हटलं होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची 'जादूटोण्याचं विज्ञान' अशी संभावना केली. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला २०३५ चं विधान मागे घ्यावं लागलं. हिमनद्या वितळताहेत हे खरंच आहे, पण अशा उद्धटपणाने त्या खऱ्या गोष्टीचंही मोल गेलं.

गुळवेल

माझा पेशा वैद्यकीय, त्यामुळे मला हा माणूस वेगळ्याच वाटेने भेटला. २००१ मध्ये त्याला मँटल सेल लिम्फोमा झाला. रक्ताच्या कर्करोगांतला दुर्मीळ आणि चिवट प्रकार. त्याने आजारपणावर पुढे पुस्तकही लिहिलं.

मूळ उपचार झाल्यावर प्रश्न आला पुढे काय. मोठ्या चाचण्यांचा पुरावा नव्हता, कारण रुग्णच थोडे. प्रचलित मार्ग म्हणजे थांबा, आजार परतला तर बघू. याने डॉक्टरांपुढे तोच युक्तिवाद मांडला जो तो सरकारांपुढे मांडायचा: पूर्ण पुरावा येईपर्यंत मी जगणार नाही, तेव्हा आहे त्या माहितीवरून शक्यता काढू, नवी तपासणी आली की त्या सुधारू, आणि दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत तोलू. रिटुक्सिमॅब हे औषध अधूनमधून देत राहावं, असा त्याने आग्रह धरला आणि डॉक्टरांना ते पटलं. नऊ वर्षं जगला.

डॉक्टर म्हणून सांगते, असा रुग्ण समोर बसला की घाम फुटतो. एकट्या रुग्णाच्या अनुभवावरून उपचार ठरू नयेत हेही खरं. पण आमच्याकडे 'अभ्यास उपलब्ध नाही' याचा अर्थ परस्पर 'उपयोग नाही' असा लावला जातो, त्यावर त्याने बोट ठेवलं.

रिकामटेकडा

कुणी पैजेचं सांगितलं नाही अजून? ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिककडून धातूंच्या किमतींवरची पैज जिंकली होती ती बहुतेकांना माहीत असते. पुढे १९९५ मध्ये अर्लिक आणि श्नायडर यांनी सायमनला उलट आव्हान दिलं. १५ गोष्टी, प्रत्येकी हजार डॉलर, दहा वर्षांनी मोजू: तापमान, हवेतला कार्बन डायऑक्साइड, दरडोई शेतजमीन वगैरे. सायमन नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, ही लक्षणं झाली, मी माणसाच्या राहणीमानावर पैज लावतो. दोघांचंही बरोबर वाटतं मला. पैज मात्र बुडाली.

ओवी

त्याच्या शेवटच्या महिन्यांतल्या एका कार्यक्रमाचा उल्लेख करायलाच हवा. ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस वाहिनीवर स्टुडिओत पन्नासेक लोक बसवले होते, सगळे हवामानबदल न मानणारे, आणि समोर हा एकटा. २०१० च्या जूनमधलं चित्रीकरण, दाखवलं त्याच्या मृत्यूनंतर. कुणाचीही टर न उडवता एकेका प्रश्नाला उत्तर देतो. 'हे आम्हाला पक्कं माहीत आहे, हे बऱ्यापैकी, हे अजून नाही' असे तीन ढीग लावतो.

तोवर त्याला शिवीगाळीच्या ईमेलांचा मारा सुरू होता. २००९ च्या नोव्हेंबरात ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल चोरून फोडले गेले तेव्हापासून तो वाढला. एका नवनाझी संकेतस्थळावरच्या, मारायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव होतं. तरी तो त्या स्टुडिओत जाऊन बसला.

सडाफटिंग

तो कार्यक्रम मी पाहिलाय. माणूस सभ्य आहे, मान्य. पण त्याच २०१० मध्ये त्याने तो १३७२ शास्त्रज्ञांचा निबंध काढला ना? कोण मानतो, कोण मानत नाही, कुणाचे निबंध किती. आणि निष्कर्ष, सर्वांत सक्रिय संशोधकांपैकी ९७-९८ टक्के आमच्या बाजूचे. हे विज्ञान आहे की हजेरीपट?

घाटवळण

त्यावर माझंही मत फारसं चांगलं नाही. ते काम मुळात स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याचं आणि इतर सहलेखकांचं, पण त्याने त्यावर नाव घातलं होतं. लोकांना कुणाचं ऐकावं हे कळायला तज्ज्ञता मोजली पाहिजे, हा हेतू समजतो. परंतु माणसांचे दोन गट पाडून त्यांची तुलना करणं म्हणजे तो ज्याला विरोध करायचा तेच: दोन टोकं, दोन खुर्च्या. प्रत्येक विधानाला वेगळी खात्री लावा म्हणणाऱ्या माणसाने शेवटी माणसांना लेबलं लावली. त्याच्या कारकिर्दीतला मला न पटलेला एकमेव मोठा निबंध.

प्लाझ्मावाला

इथे मी असहमत. धूम्रपानाबद्दल डॉक्टरांत किती एकमत आहे हे लोकांना सांगणं गैर नसेल तर हेही नाही. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

बांधावरून

मला अजून उत्तर नाही मिळालं. ते पाच गटांचं कोष्टक बघितलं, शोधून. देशासाठी आहे. त्याबरोबर एक रंगीत नकाशा आहे, कुठे जास्त पावसाची शक्यता, कुठे कमी. आमचा जिल्हा पांढरा आहे.

प्लाझ्मावाला

पांढरा म्हणजे तिथे कुठल्याच बाजूला फासा भारलेला नाही. कमी, सरासरी, जास्त, तिन्ही जवळपास सारखेच संभवतात. 'आम्हाला सांगता येत नाही' हे खात्याने रंगात सांगितलंय.

पेरणीसाठी हा नकाशा ठेवून द्या. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, त्यात पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे दोन जपून घ्यायचे. आणि मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, त्यात पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. तो बघून ठरवा.

बांधावरून

मंगळवार-शुक्रवारचा येतो मला, व्हॉट्सॅपवर. त्यात टक्के नसतात, 'हलक्या ते मध्यम सरी' असतं. हलकी का मध्यम, त्यावरच तर पेरणी अडलेली असते. टक्के तिथे हवेत.

घाटवळण

@बांधावरून, हे कृषी हवामान केंद्राला लेखी कळवा. मजकूर इथे टाकलात तर आम्ही चारपाचजण मिळून नीट करून देऊ.